देवमाशाच्या पोटातला करार

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर एअरबस कंपनीचे 'बेलुगा' विमान उतरले. त्या आठवड्याची पाच कात्रणे माझ्या फायलीत आहेत. पाचही बातम्या जवळपास सारख्या आहेत. विमान किती लांब, किती उंच, दिसायला कसे व्हेल माशासारखे आणि ते पाहून लोक कसे चकित झाले, एवढाच मजकूर. मराठीत देवमासा असा देखणा शब्द असताना पाचही ठिकाणी 'व्हेल'च आहे, हे जाता जाता सांगतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे. या विमानाचे पोट एवढे मोठे का झाले, हा प्रश्न एकाही बातमीने विचारलेला नाही.

त्याच फायलीत तीन-चार आठवडे आधीची कात्रणे आहेत, आणि ती पाच नव्हेत, पंचेचाळीस भरतील. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा टाटा-एअरबस प्रकल्प वडोदऱ्याला जाणार हे ऑक्टोबरच्या अखेरीस जाहीर झाले, ३० तारखेला तिथे पायाभरणी झाली आणि महाराष्ट्रात रण पेटले. नागपूरच्या मिहानचे नाव चर्चेत असताना प्रकल्प गेलाच कसा, कुणामुळे गेला, कधी गेला, यावर महिनाभर रोज मथळे होते. मी कुठल्या पक्षाचा नाही आणि त्या भांडणाचा निवाडा करायला बसलेलो नाही. मला नवल वाटले ते इतकेच, की 'विमानाचा कारखाना कुठे असावा' या प्रश्नावर सगळे राज्य हमरीतुमरीवर आलेले असताना, त्याच प्रश्नाच्या उत्तरातून जन्मलेले विमान मुंबईत येऊन उभे राहिले, तेही त्याच एअरबस कंपनीचे. आणि आपण त्याच्याकडे जत्रेतल्या हत्तीकडे पाहावे तसे पाहिले.

माझे राहात्यात दुचाकीच्या सुट्या भागांचे दुकान आहे. इंजिनिअरिंगचे शिक्षण नाही. विमानांविषयी जे वाचले ते गेल्या पंचवीस वर्षांत, गिऱ्हाईक नसताना, काउंटरच्या मागे बसून. पण सुटे भाग विकणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते. कुठलीही गाडी एका ठिकाणी तयार होत नाही. ती एका ठिकाणी फक्त जोडली जाते.

मराठी समीक्षेने आपल्याला आशय आणि आकृतिबंध असे दोन शब्द दिले आहेत. या विमानांची समीक्षा करायची तर तेच दोन शब्द मला पुरेसे वाटतात. आकृतिबंध सर्वांना दिसतो: फुगलेले धड, खाली दबलेले कॉकपिट, शेपटाला जादा पंख. आशय मात्र बहुतेक जण चुकीचा सांगतात. ते म्हणतात, आशय म्हणजे अवजड माल. पण ही विमाने अवजड मालासाठी नाहीतच. विमानाचा रिकामा पंख किंवा रॉकेटचा रिकामा टप्पा आकाराच्या मानाने हलका असतो. बेलुगा जास्तीत जास्त ४७ टन उचलते. मूळ लष्करासाठी घडवलेले अँतोनोव १२४ शंभराहून अधिक टन उचलते. म्हणजे बेलुगा बलदंड नाही, ऐसपैस आहे. ते वजनासाठी फुगलेले नाही. ते अशा वस्तूसाठी फुगले, जी मोठी आहे, तोडता येत नाही आणि जिथे बनते तिथे लागत नाही. 'जिथे बनते तिथे लागत नाही' या शब्दांत त्याचा आशय आहे.

सुरुवात मात्र अमेरिकेत झाली. १९६०च्या सुमारास नासाच्या सॅटर्न रॉकेटचे वरचे टप्पे कॅलिफोर्नियात बनत आणि उड्डाण फ्लोरिडातून होई. साडेपाच मीटर व्यासाचा टप्पा रेल्वेच्या बोगद्यातून जाईना, रस्त्यावरच्या पुलांखालून निघेना. म्हणून तो बोटीवर घालून पनामा कालव्यातून वळसा घेत नेला जाई आणि त्यात आठवडे मोडत. त्याच काळात जेट विमाने आल्यामुळे बोईंगची ३७७ स्ट्रॅटोक्रूझर ही प्रवासी विमाने भंगाराच्या भावात निघाली होती. एकेकाळी हे मोठे थाटाचे विमान. खालच्या मजल्यावर मद्यपानाची बैठक आणि तिथे उतरायला गोल जिना. अशी एकूण ५६च बनली. ली मॅन्सडॉर्फ नावाच्या विमानांच्या व्यापाऱ्याने त्यांतली बरीच घेऊन ठेवली होती. त्यांचे करायचे काय हे ठरत नव्हते. जॅक कॉनरॉय या वैमानिकाने सुचवले: एकाचे धड लांबवू, वरून छप्पर कापू आणि त्यावर सहा मीटर रुंदीचा घुमट चढवू.

कॉनरॉयने यासाठी आपले घर गहाण टाकले. विमानतज्ज्ञांना हा वेडेपणा वाटला. रॉकेटतज्ज्ञ व्हर्नर फॉन ब्राउन यांना मात्र तो पटला. १९ सप्टेंबर १९६२ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस विमानतळावरून ते उडाले. उड्डाणाआधी विमानतळाने पोलिसांना आणि अग्निशामक दलाला सावध करून ठेवले होते, असे सांगतात. त्याचे नाव पडले 'प्रेग्नंट गप्पी', म्हणजे गाभण गप्पी. आपल्याकडे या नावाचे भाषांतरही करावे लागू नये. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याची माणसे गावोगाव हौदात सोडतात तोच हा गप्पी मासा. तो अंडी घालत नाही, पिल्ले देतो. त्यामुळे गाभण मादीचे पोट कसे दिसते हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

आपल्याकडे या विमानाविषयी लिहिणारे 'जुगाड' हा शब्द हमखास वापरतात. मला तो अर्धाच पटतो. हाताशी पडलेल्या जुन्या वस्तूला नवे काम लावणे एवढ्यापुरता तो बरोबर आहे. पण जुगाडात आपण अडचण तशीच ठेवून तिच्या बाजूने वाट काढतो, आणि ती वाट सहसा एकट्यापुरती असते. इथे उलट झाले. एकदा वाट निघाल्यावर अडचण कायम ठेवणेच सर्वांच्या सोयीचे झाले. टप्पा फ्लोरिडात बनवा असे पुन्हा कुणी म्हणण्याचे कारणच उरले नाही. ३१ ऑगस्ट १९६५ रोजी त्याहून मोठे 'सुपर गप्पी' उडाले. त्याचे नाक कॉकपिटसकट दारासारखे बाजूला उघडे. विमान मोठे होत गेले, आणि कारखाने होते तिथेच राहिले.

हेच पुढे युरोपात घडले, आणि तिथे ते योगायोगाने घडले नाही. २९ मे १९६९ रोजी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने ए-३०० हे प्रवासी विमान मिळून बनवण्याचा करार केला. पुढे स्पेन आला. प्रत्येकाला कामाचा वाटा हवा होता. पैसा सरकारांचा होता, आणि ज्या देशाचा पैसा त्या देशात रोजगार, हा हिशेब कुठल्याही आमदाराला समजेल असा आहे. तुकडे देशोदेशी बनणार आणि जोडणी फ्रान्समधल्या तुलूझला होणार असे ठरले. मग तुकडे तुलूझला न्यायचे कसे? एअरबसने कॉनरॉयच्या कंपनीकडून आलेली सुपर गप्पी घेतली, नंतर फ्रान्समध्ये आणखी दोन तयार करून घेतली, आणि अशी चार विमाने वर्षानुवर्षे चालवली. एअरबस ही बोईंगची प्रतिस्पर्धी आणि गप्पी ही मूळची बोईंगची. त्यामुळे प्रत्येक एअरबस जन्माआधी बोईंगच्या पोटातून प्रवास करून येते, असा विनोद त्या धंद्यात रूढ झाला. १३ सप्टेंबर १९९४ रोजी स्वतःच्याच ए-३०० वर घुमट चढवून बनवलेले बेलुगा उडाले तेव्हा त्या विनोदाचे दिवस संपत आले.

बेलुगाच्या रचनेत जुन्या चुकांचा नीट अभ्यास दिसतो. सुपर गप्पीचे नाक उघडायचे तर कॉकपिटमधून मागे जाणाऱ्या सगळ्या जोडण्या दर वेळी सोडवाव्या लागत आणि पुन्हा जोडाव्या लागत. बेलुगात कॉकपिटच मालाच्या फळीखाली उतरवले. मग वरचा दरवाजा कपाळासारखा उघडला तरी वैमानिकाच्या एकाही तारेला हात लावावा लागत नाही. ज्या 'गमतीदार' चेहऱ्याचे फोटो आपण छापले, तो चेहरा असा वेळ वाचवण्याच्या हिशेबातून आला आहे.

माझ्या टिपणांत या जागी बरीच वर्षे एक वाक्य होते: बेलुगाचे पोट म्हणजे राजकीय वाटपाचे पोट. वाक्य मला आवडत होते, म्हणून ते तपासायला उशीर झाला. ते पंखापाशी अडते. एअरबसचे पंख वेल्समधल्या ब्रॉटन इथे बनतात. पण ब्रिटिश सरकार १९६९ मध्ये या प्रकल्पातून चक्क बाहेर पडले होते. करारावर त्याची सही नाही. तरीही हॉकर सिडली या ब्रिटिश कंपनीने पंखाचे काम सोडले नाही. स्वतःचे पैसे घातले, जर्मनीची मदत घेतली, पण पंख आपणच करणार म्हणून बसली; आणि तसा पंख दुसऱ्या कुणाला जमेल याची खात्री नसल्याने बाकीच्यांनीही ते मान्य केले. ब्रॉटनच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात वेलिंग्टन बॉम्बर बनत, युद्धानंतर कॉमेट जेट बनले. सरकार निघून गेले आणि हातातली कला जागेवर राहिली. तेव्हा त्या पोटात दोन गोष्टी असतात: कुणीतरी मागून घेतलेला वाटा आणि कुणीतरी कमावलेला वाटा. बाहेरून दोन्हींचा आकार सारखाच दिसतो.

पहिल्या प्रकाराचा अतिरेक पाहायचा तर बोईंगकडे यावे लागेल. बोईंगचे एव्हरेटला एक भलेमोठे छप्पर होते आणि ७४७ पासूनची मोठी विमाने तिथे जोडली जात. ७८७ ड्रीमलायनरच्या वेळी मात्र कंपनीने जोखीम आणि खर्च जगभर वाटून टाकला. पंख जपानात नागोयाला, धडाचे काही भाग जपानात, काही इटलीत, काही दक्षिण कॅरोलिनात. हे सगळे एव्हरेटला आणण्यासाठी चार जुनी प्रवासी ७४७-४०० विमाने घेऊन तैवानमध्ये त्यांची धडे फुगवली. पहिले ड्रीमलिफ्टर ९ सप्टेंबर २००६ रोजी उडाले. १,८४० घनमीटर जागा. ७४७ ची डौलदार पाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ड्रीमलिफ्टरचा फोटो पाहू नये. बेलुगाला निदान स्वतःचे रूप आहे. हे म्हणजे कुणाच्या तरी अंगावर गादी बांधल्यासारखे.

८ जुलै २००७ रोजी मोठ्या समारंभात पहिले ७८७ बाहेर काढले, तेव्हा ते आतून बरेचसे पोकळ होते. ठिकठिकाणाहून आलेले तुकडेच अपुरे होते. वाहतूक वेळेवर होती, काम वेळेवर नव्हते. २००८ च्या मे महिन्यात द्यायचे विमान गिऱ्हाइकाला सप्टेंबर २०११ मध्ये मिळाले. वाटा कुणालाही देता येतो. तो पेलेल की नाही हे कितीही मोठ्या पोटाचे विमान आणले तरी ठरत नाही.

आता आपल्या अंगणात येतो. राहात्याहून गाडीने अडीच तासांवर ओझर आहे. तिथे १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे सुखोई-३० तिथेच जोडली गेली. 'नाशिकला मिग बनते' असे वाक्य आम्ही शाळेपासून ऐकत आलो. ते अपुरे आहे. नाशिकला विमानाचा सांगाडा बनायचा आणि जोडणी व्हायची. इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. तीन राज्ये, तीन कारखाने, एक विमान. म्हणजे युरोपने १९६९ मध्ये जे केले तसले वाटप आपण पाच वर्षे आधी करून बसलो होतो. मग आपल्याकडे बेलुगा का जन्मले नाही? कारण साधे आहे. लढाऊ विमानाचे इंजिन पेटीत मावते आणि पेटी मालमोटारीत मावते. वाटप तेच, फक्त तुकडे लहान. त्यामुळे हजाराहून अधिक किलोमीटरचे ते अंतर कुणाच्या डोळ्यांवर आले नाही. फुगलेले विमान दिसत नाही म्हणून आपल्याला वाटते, कारखाना एका गावाचा आहे.

नागपूरचेही तसेच. ज्या मिहानमधून 'विमान गेले' म्हणून २०२२ मध्ये आपण हळहळलो, तिथे टाटांच्या कारखान्यात बोईंग ७८७ च्या केबिनखालचे आडवे बीम कितीतरी आधीपासून तयार होत होते. कार्बन तंतूंचे, हलके, अचूक मापाचे. त्या महिन्याच्या माझ्या पंचेचाळीस कात्रणांपैकी दोनच ठिकाणी त्यांचा उल्लेख आहे, तोही शेवटच्या परिच्छेदात. वडोदऱ्याच्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ५६ पैकी १६ विमाने स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार यायची आणि ४० तिथे जोडायची असे ठरले होते. तिथेही भाग हैदराबादसह अनेक ठिकाणांहून येतात. गुजरातला गेली ती जोडणी. तिचे मोल मी कमी लेखत नाही. जोडणीपाठोपाठ खूप काही येते. पण 'विमानाचा कारखाना' नावाची एक अखंड वस्तू असते आणि ती एक राज्य दुसऱ्या राज्याच्या ताटातून उचलून नेते, हे चित्र मुळातच चुकीचे आहे. आपण जोडणीच्या छपरासाठी भांडलो, आणि असा कुठला भाग आपण करतो की जो न्यायला कुणाला विमान पाठवावे लागेल, हे विचारायचे राहिले.

हे चित्र आपल्या डोक्यात इतके पक्के का बसले, याविषयी माझा एक तर्क आहे आणि तो माझ्याच तालुक्यातला आहे. आमच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. नगर जिल्ह्यात 'कारखाना' म्हटले की साखर कारखानाच डोळ्यांपुढे येतो. उसाला तोड झाल्यापासून उतारा घटू लागतो. तो दिवसभरात गाळपाला गेला तर बरा. म्हणून कारखाना उसाजवळच असतो, आणि जिथे कारखाना तिथे रस्ता, शाळा, दवाखाना, कॉलेज. कच्चा माल, काम आणि वैभव एका जागी. तीन पिढ्या हेच पाहिल्यावर कारखाना गेला म्हणजे सगळे गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. पण विमानाचा पंख म्हणजे ऊस नव्हे. तो तोडल्यावर नासत नाही. तो वाट पाहू शकतो, फक्त त्याला नेणारे कुणी हवे.

न्यायला विमानच हवे असेही नाही. ए-३८० चा पंख बेलुगातही मावेना. तेव्हा तो वेल्समधल्या डी नदीतून तराफ्यावर, मग समुद्रातून बोर्दोजवळ, पुन्हा नदीतून आणि शेवटी रात्रीच्या वेळी रस्त्याने तुलूझला जाई. वाटेत लेव्हिन्याक नावाचे लहान गाव आहे. तिथल्या गल्लीतून विमानाचे तुकडे घरांच्या भिंतींना अगदी खेटून जात आणि लोक खिडक्यांत उभे राहून पाहत. हे वाचले तेव्हा मला आमचा नगर-मनमाड रस्ता आठवला. पवनचक्कीचे पाते घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर एका रात्री माझ्या दुकानासमोर अडला होता. दोन माणसे बांबूने केबलच्या तारा वर उचलून धरत होती. एक जण मागच्या चाकांजवळ चालत ओरडत होता. पाते कुठे बनले आणि कुठे बसणार हे जमलेल्यांपैकी कुणीच विचारले नाही. मीही नाही. सगळ्यांनी मोबाइल काढले होते. त्यामुळे मुंबईच्या वार्ताहरांना दोष देताना माझा आवाज जरा खाली येतो.

एका प्रवासाविषयी मात्र लिहायलाच हवे. १९९९ मध्ये देलाक्र्वा यांचे 'लिबर्टी लीडिंग द पीपल' हे चित्र पॅरिसहून टोकियोला प्रदर्शनासाठी न्यायचे होते. सुमारे तीन मीटर बाय साडेतीन मीटर. ते उभे न्यायचे तर ७४७ मध्येही मावेना. बेलुगाच्या पोटात हवेचा दाब राखलेला नसतो, म्हणून चित्रासाठी दाब आणि तापमान राखणारी, धक्के न बसू देणारी वेगळी पेटी बनवली. बहारीन आणि कोलकाता असे थांबे घेत ते टोकियोला गेले. फ्रेंच क्रांतीच्या परंपरेतले ते जगप्रसिद्ध चित्र काही काळ आपल्या भूमीवर होते. आपण कलेवर एवढे लिहितो, पण या मुक्कामावर एकही मराठी लेख माझ्या पाहण्यात नाही.

नवे बेलुगा एक्सएल १९ जुलै २०१८ रोजी उडाले आणि २०२० मध्ये कामाला लागले. त्याच्या नाकावर डोळे आणि हसरे तोंड रंगवले आहे; ते कर्मचाऱ्यांनी मतदान करून निवडले. अशी सहा बनली. ए-३५० चे दोन पंख एका खेपेत नेतात, जुने बेलुगा एकच नेई. त्यामुळे जुनी पाच विमाने मोकळी झाली, आणि एअरबसने २०२२ मध्ये ती इतरांचा माल नेण्यासाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. मुंबईत आपण पाहिले ते यांतलेच एक. हा धंदा चालला नाही. त्या उंच दरवाजातून माल चढवायला खास साधने लागतात, वजनाला मर्यादा आहे, आणि जगात मोठे पण हलके असे सामान असते तरी किती? जानेवारी २०२५ मध्ये तो बंद झाला. ज्या वाटपासाठी ते पोट घडले होते त्याच्याबाहेर त्याला काम मिळाले नाही.

त्या मानाने मूळचे गप्पी चिवट निघाले. एअरबसने वापरून सोडलेल्या चारपैकी एक सुपर गप्पी १९९७ पासून नासाकडे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात चंद्राकडे जायचे नवे ओरायन यान फ्लोरिडातून ओहायोला चाचणीसाठी न्यायचे होते, तेव्हा त्याचे नाक पुन्हा बाजूला उघडले. माझ्या दुकानात पन्नास वर्षे जुन्या गाडीचा भाग मागायला कुणी आले तर मी हात जोडतो.